रक्तात उतरलेल्या मूलपेशी

तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट या रक्तातल्या सगळ्या पेशी हाडांच्या पोकळीतल्या मगजात जन्म घेतात, आणि त्या सगळ्यांचे मूळ मोजक्या मूलपेशींत असते. हा विचार रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर मॅक्सिमोव्ह यांनी १९०९ साली मांडला. बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणजेच अस्थिमज्जा प्रत्यारोपण याच पेशींवर उभे आहे. जबर केमो किंवा किरण देऊन रुग्णाचा रोगट मगज नष्ट करायचा आणि मूलपेशी सलाइनसारख्या शिरेतून सोडायच्या. पुढचे काम त्या पेशीच करतात. रक्तातून फिरत फिरत हाडांपर्यंत पोचतात, तिथे ठाण मांडतात आणि दोनेक आठवड्यांत नवे रक्त दिसू लागते. वैद्यकाला झगडावे लागले ते याच्या उलट वाटेवर. हाडांत घट्ट बसलेल्या या पेशी बाहेर कशा काढायच्या, किती काढल्या म्हणजे पुरे आणि हाती आलेल्या पिशवीत त्या खरोखर आहेत हे ओळखायचे कसे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळायला अर्धे शतक गेले.

सुरुवात अणुबॉम्बपासून झाली. हिरोशिमा आणि नागासाकीत स्फोटातून वाचलेली अनेक माणसे नंतरच्या आठवड्यांत रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने गेली, कारण किरणोत्सर्गाने त्यांचा मगज मेला होता. युद्धानंतर या मृत्यूंचा अभ्यास जोरात सुरू झाला. शिकागोत लिऑन जेकबसन यांनी १९४९ साली दाखवले, की उंदराची प्लीहा शिशाच्या आवरणाने झाकली तर मारक मात्रेचे किरण देऊनही तो जगतो. उंदराच्या प्लीहेत रक्त तयार होते, म्हणून हे घडत होते. दोन वर्षांनी एगॉन लोरेन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुसता मगज टोचूनही उंदीर वाचवले. जीव वाचतो तो मगजातल्या एखाद्या द्रवामुळे की जिवंत पेशींमुळे, यावर काही वर्षे वाद चालला. १९५६च्या सुमारास वाचलेल्या उंदरांच्या हाडांत दात्याच्या गुणसूत्रांच्या पेशी सापडल्या आणि तो मिटला.

माणसावरचे पहिले प्रयत्न मात्र काळीज पिळवटणारे आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या लहान गावी काम करणाऱ्या ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांना मगज दिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतला एकही रुग्ण फार काळ जगला नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात युगोस्लाव्हियातल्या विंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला. किरणांची बाधा झालेल्या तरुणांना पॅरिसला नेण्यात आले. जॉर्ज माते यांनी त्यांच्यापैकी पाच जणांना फ्रेंच स्वयंसेवकांचा मगज दिला, आणि त्यांतले चौघे वाचले. रक्ताच्या नात्यातले नसलेल्या, परक्या देशातल्या माणसांसाठी कुणी आपल्या हाडांतला मगज काढून देण्याची ही पहिली घटना होती. साठीच्या दशकात मात्र अपयशच वाट्याला आले. १९७० साली मॉर्टिमर बोर्टिन यांनी तोवर नोंदलेल्या २०३ प्रत्यारोपणांचा ताळा मांडला, तेव्हा बहुतेक रुग्ण दगावलेले होते. दात्याचे ऊतक रुग्णाशी जुळवायचे कसे हे नीट कळेपर्यंत दुसरे काही होणे शक्यही नव्हते. थॉमस त्या काळातही सिअ‍ॅटलमध्ये काम करत राहिले. त्यांना १९९० साली नोबेल मिळाले.

मगज काढण्याची त्या काळची रीत अगदी थेट होती. दात्याला पूर्ण भूल देत, पालथे निजवत आणि कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेला जाड सुया घालून सिरिंजने मगज ओढत. एका जागी जास्त ओढले की मगजाऐवजी साधे रक्तच येते, म्हणून दर वेळी सुई थोडी सरकवायची, असे शंभरावर वेळा. लिटरभर लाल द्रव जमला की तो जाळीतून गाळून हाडांचे कण आणि चरबी काढून टाकायची. दुसऱ्या दिवशी दात्याची कंबर असह्य ठणके. एकाच्या कमरेतून दुसऱ्याच्या शिरेत, एवढाच प्रवास. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रक्ताचा कर्करोग झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मगज दिला गेला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकांच्या खुर्चीत बसून काम करणारे अडवाणी ही विद्या थॉमस यांच्याकडे सिअ‍ॅटलला शिकून आले होते.

मूलपेशी हाडांबाहेर रक्तातही असतात, याची चाहूल तोवर जुनी झाली होती. शस्त्रक्रियेने रक्तप्रवाह एकमेकांना जोडलेल्या दोन उंदरांपैकी एकावरच किरण सोडले तरी त्याचा मगज भरून येतो, हे १९५१ साली दिसले होते. म्हणजे जोडीदाराच्या रक्तातून काहीतरी येत होते. १९६२ साली गुडमन आणि हॉजसन यांनी उंदराच्या रक्तातल्या या पेशींचा थेट पुरावा दिला. अडचण संख्येची होती. निरोगी माणसाच्या रक्तात त्या इतक्या विरळ असतात, की नेहमीच्या रक्तदानाच्या पिशवीतून प्रत्यारोपणापुरत्या पेशी मिळणे अशक्यच. त्यासाठी शरीरातले सगळे रक्त बाहेर फिरवून, हव्या त्या पेशी ठेवून, उरलेले परत देणारे यंत्र हवे होते.

त्या यंत्राचे मूळ गोठ्यात आहे. हार्वर्डचे एडविन कोन यांनी रक्ताचे घटक वेगळे करण्यासाठी जे फिरते भांडे वापरले, ते दुधातून साय काढणाऱ्या डेअरीच्या यंत्रावरून घेतलेले होते. तत्त्व तेच. भांडे वेगाने फिरले की जड तांबड्या पेशी कडेला जातात, हलका पिवळसर प्लाझ्मा मध्याकडे राहतो आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशींचा पातळ पापुद्रा तयार होतो. पण कोन यांच्या भांड्यात एका वेळी एक घाणा निघे. रक्त सतत वाहते ठेवून पापुद्रा काढणारे यंत्र एका बापाच्या तळमळीतून आले. आयबीएम कंपनीतले अभियंता जॉर्ज जडसन यांच्या तरुण मुलाला १९६२ साली रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. मुलावर उपचार करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जडसन यांनी डॉक्टरांना काम करताना पाहिले, आणि पांढऱ्या पेशी वेगळ्या करण्याची रीत किती आदिम आहे ते त्यांना खटकले. कंपनीतून मोकळीक घेऊन ते तिथले डॉक्टर एमिल फ्रायराइक यांच्याबरोबर कामाला लागले. साठीच्या मध्यात त्यांचे पहिले यंत्र रुग्णांसाठी चालू लागले. आज जगभरच्या रक्तपेढ्यांत आणि प्रत्यारोपण केंद्रांत जी यंत्रे घरघरतात, त्यांतली बरीचशी याच घराण्यातली आहेत.

काढलेल्या पेशी टिकवण्याची सोय दरम्यान दुसरीकडे झाली होती. पेशी नुसत्या गोठवल्या तर आत बर्फाचे स्फटिक होऊन त्या फुटतात. ग्लिसरॉलने हे टळते, हे १९४९ साली ब्रिटनमध्ये समजले. पुढे दहा वर्षांनी डीएमएसओ हा द्रव त्याहून सोयीचा निघाला. तो मिसळून, तापमान हळूहळू उतरवून, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये पिशव्या ठेवल्या की पेशी वर्षानुवर्षे राहतात. आजही पिशवी वितळवून रुग्णाला चढवली की डीएमएसओपासून शरीरात बनलेला वायू श्वासावाटे बाहेर पडतो आणि खोलीभर लसणासारखा उग्र वास दरवळतो. रुग्णाला स्वतःला तो जाणवतोच असे नाही, पण दाराशी आलेल्या नातेवाइकाला लगेच कळते, की पेशी चढल्या आहेत.

यंत्र आले, शीतपेटी आली, तरी रक्तातल्या पेशींवर कुणाचा विश्वास बसत नव्हता, आणि त्याला कारण होते. १९७९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका जुळ्याची हकीकत आली. मगज सुकलेल्या रुग्णाला त्याच्या एकसारख्या जुळ्या भावंडाच्या रक्तातून काढलेल्या पांढऱ्या पेशी पुन्हा पुन्हा दिल्या गेल्या. त्या लागू पडल्या नाहीत. त्याच भावंडाच्या हाडांतला मगज दिल्यावर मात्र रुग्ण बरा झाला. ऊतक जुळण्याचा प्रश्न जुळ्यांत उद्भवत नाही, म्हणून या प्रसंगाचा दुसरा अर्थ लावणे कठीण होते. माणसाच्या रक्तातल्या मूलपेशी दुय्यम असाव्यात, असे अनेक जण धरून चालले. आज मागे वळून पाहता दोष पेशींच्या जातीत नसून संख्येत असावा असे वाटते, पण तेव्हा ती संख्या मोजण्याचे साधनच नव्हते.

वाट सापडली ती केमोच्या एका परिणामातून. केमोनंतर पांढऱ्या पेशींचा काऊंट कोसळतो आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा चढतो. हा काऊंट चढत असताना रक्तात मूलपेशींची भरती येते, असे १९७६ साली रिचमन आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड इथे लुएन बिक टो आणि ख्रिस्तोफर जटनर यांनी रक्ताच्या कर्करोगातून नुकत्याच सावरणाऱ्या रुग्णांत ही भरती किती मोठी असते हे मोजले, आणि त्याच दिवसांत यंत्र लावून पेशी जमा केल्या. १९८५-८६च्या सुमारास अ‍ॅडलेड, हायडेलबर्ग, बोर्दो, पॅरिस आणि अमेरिकेतले ओमाहा अशा एकमेकांपासून दूर असलेल्या शहरांतून, थोड्याथोड्या महिन्यांच्या अंतराने, रुग्णाच्याच रक्तातल्या पेशींनी त्याचा मगज परत उभा राहिल्याच्या बातम्या आल्या. ओमाहात अ‍ॅन केसिंजर यांच्याकडे ज्यांचा मगज कर्करोगाने किंवा जुन्या किरणांनी निकामी झाला होता असे रुग्ण होते. हाडातून काढण्याजोगे काही उरलेच नव्हते. कोणतीही भरती न आणता त्यांच्या रक्तातून पेशी जमवायच्या म्हणजे एकेका रुग्णाला आठ-आठ वेळा, कधी त्याहून जास्त वेळा यंत्रावर बसवावे लागे. थकलेल्या, खंगलेल्या माणसांनी ते सोसले, आणि त्यांच्या सोसण्यातून हा मार्ग चालतो हे सिद्ध झाले.

केमोच्या भरतीचा भरवसा नसे. ती येण्याचा दिवस आधी सांगता येत नसे, टिके दोन-तीन दिवस, आणि तोवर ताप व संसर्गाचा धोका डोक्यावर असे. भरती हवी तेव्हा आणायची विद्या मेलबर्नमधून आली. डोनाल्ड मेटकाफ आणि रे ब्रॅडली साठीच्या मध्यात काचेच्या बशीत, अगरच्या थरावर, मगजाच्या पेशी वाढवत होते. त्या आपोआप वाढत नसत. दुसऱ्या पेशींनी सोडलेले काहीतरी मिसळले तरच त्यांचे ठिपके उमटत. ते ‘काहीतरी’ शोधण्यात मेटकाफ यांनी आयुष्य घातले. एकाऐवजी असे चार पदार्थ निघाले. त्यांतला जी-सीएसएफ १९८३ साली निकोला आणि मेटकाफ यांनी उंदरातून शुद्ध केला, मानवी रूप कार्ल वेल्टे यांनी १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये मिळवले, आणि १९८६ साली त्याचे जनुक जपान व अमेरिकेत वेगवेगळे वाचले गेले. आता तो जिवाणूंकडून कारखान्यात बनवता येणार होता. केमोनंतर पांढऱ्या पेशी लवकर वाढाव्यात हा त्याचा हेतू होता, आणि त्यासाठीच फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेत त्याला फिल्ग्रास्टिम या नावाने परवानगी मिळाली. पण १९८८ सालीच मेलबर्नच्या गटाने हे इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांचे रक्त बशीत वाढवून पाहिले होते. मूळ पेशींचे ठिपके शंभरपटीपर्यंत वाढलेले होते. केमो न देता, चार-पाच दिवसांच्या इंजेक्शनांनी, मगजातल्या पेशी रक्तात उतरत होत्या. याच शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली अशा पेशींनी केलेल्या प्रत्यारोपणाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये दिले. एका बशीतल्या ठिपक्यांकडे पंचवीस वर्षे पाहत राहिल्याचे हे फळ होते, आणि या इतिहासात त्याच्या तोडीचे दुसरे काम शोधणे कठीण आहे.

मोजणीचा प्रश्नही दरम्यान सुटला. बशीत ठिपके उमटायला दोन आठवडे लागत, म्हणजे पेशी पुरल्या की नाही हे रुग्णाला त्या देऊन झाल्यावर कळे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कर्ट सिव्हिन यांनी १९८४ साली असे प्रतिपिंड शोधले, जे फक्त कोवळ्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या एका खुणेला चिकटते. या खुणेला पुढे सीडी३४ हे नाव पडले. प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून पेशी लेझरच्या झोतातून एकेक करून सोडल्या की तासाभरात आकडा हाती येतो. रुग्णाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे किमान २० लाख सीडी३४ पेशी हव्यात आणि ५० लाख मिळाल्या तर उत्तम, असा दंडक हळूहळू जगभर रूढ झाला. १९९६ साली मोजण्याची रीतही ठरवून दिली गेली, कारण तोवर एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळत नसे.

त्याच वर्षी नॉर्बर्ट श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी लिम्फोमाच्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केलेली चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला हाडातला मगज, दुसऱ्याला रक्तातून काढलेल्या पेशी. प्लेटलेट स्वतःच्या बळावर सावरायला पहिल्या गटात २३ दिवस लागले, दुसऱ्यात १६. पांढऱ्या पेशी १४ ऐवजी ११ दिवसांत आल्या. संसर्गाला उघडे असलेल्या माणसासाठी तीन दिवस फार असतात. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींच्या प्रत्यारोपणातून कमरेची सुई पाहता पाहता हद्दपार झाली.

सोपेपणाची एक काळी बाजूही याच दशकात दिसली. पेशी इतक्या सहज मिळू लागल्यावर स्तनाच्या कर्करोगासाठी जबर केमो आणि मागून मूलपेशी, हा उपचार अमेरिकेत हजारो स्त्रियांना दिला गेला. त्याने खरोखर आयुष्य वाढते का, याची कसोटी लागण्याआधीच तो पसरला. मोठ्या चाचण्यांनी अखेर फायदा नाकारला. उपचाराच्या बाजूने ठामपणे उभा असलेला एकमेव मोठा निष्कर्ष दक्षिण आफ्रिकेतल्या वेर्नर बेझवोडा यांचा होता, आणि २००० साली झालेल्या तपासणीत तो खोटा ठरला. बेझवोडा यांनी गैरवर्तनाची कबुली दिली. ज्या स्त्रियांनी त्या आशेवर यातना सोसल्या, काहींनी प्राणही गमावले, त्यांची नोंद या विद्येच्या इतिहासात ठेवलीच पाहिजे.

दात्यांकडून रक्तातून पेशी घेण्याचा निर्णय अधिक सावधपणे झाला. धडधाकट माणसाला औषध टोचायचे होते, शिवाय अशा पिशवीत दात्याच्या लढाऊ टी-पेशी मगजापेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि त्या रुग्णाच्या शरीरावरच उलटतील ही भीती होती. १९९५ साली भावंडांच्या पेशींनी केलेल्या प्रत्यारोपणांचे तीन वृत्तान्त एकदम आले आणि धीर वाढला. पण भीती निराधार नव्हती. नात्याबाहेरच्या दात्यांवरच्या २०१२ सालच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत रुग्ण जगण्याचे प्रमाण दोन्ही रीतींत जवळपास सारखे निघाले. पेशी न रुजण्याचा धोका रक्तातल्या पेशींत कमी होता, मात्र दीर्घकाळ छळणारा उलटा हल्ला रक्तातल्या पेशींनंतर ५३ टक्के तर मगजानंतर ४१ टक्के रुग्णांत दिसला. म्हणून काही आजारांत, विशेषतः लहान मुलांच्या कर्करोगेतर आजारांत, कमरेची सुई आजही टिकून आहे.

पेशी गोळा करण्याची खोली शस्त्रक्रियागृहासारखी मुळीच नसते. दाता खुर्चीवर रेललेला, एका दंडातून रक्त यंत्रात जाते आणि दुसऱ्यातून परत येते. रुग्णाच्या शिरा केमोने बसलेल्या असतील तर मानेत दुहेरी नळी घातलेली असते. चार-पाच तासांत शरीरातल्या एकूण रक्ताच्या दुप्पट-तिप्पट रक्त फिरून येते. ते गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळतात. ते रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून थोड्या वेळाने ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे झिणझिणतात. नर्स दर थोड्या वेळाने तेवढेच विचारते आणि कॅल्शियम देते. इंजेक्शनांनी हाडे आधीच चार दिवस ठणकत असतात. पिशवीत जमते ते रक्ताहून फिकट, टोमॅटोच्या सारासारखे दिसते.

तरीही काही जणांची पिशवी भरतच नव्हती. वय, आधी घेतलेले किरण, मेल्फलान किंवा लेनालिडोमाइडसारखी औषधे यांनी मगज थकलेला असे. वेगवेगळ्या केंद्रांच्या नोंदींत असे रुग्ण शंभरात पाचपासून चाळीसपर्यंत आढळत. पेशी नाहीत म्हणजे प्रत्यारोपण नाही. उपाय आला एचआयव्हीच्या संशोधनातून. बेल्जियममधल्या लोव्हेन इथे एरिक द क्लर्क यांच्या प्रयोगशाळेत एचआयव्हीला रोखणाऱ्या एका रसायनाचा गुण त्यातल्या अशुद्धीत असल्याचे उघड झाले. ती अशुद्धी म्हणजे जोडलेली दोन वलये होती. त्यावरून बनवलेले एएमडी३१०० विषाणूला पेशीच्या सीएक्ससीआर४ या दारातून आत जाऊ देत नसे. निरोगी स्वयंसेवकांना ते दिले तेव्हा पांढऱ्या पेशींचा काऊंट चढला. एचआयव्हीसाठी ते चालले नाही, पण या चढत्या काऊंटचा अर्थ कुणीतरी लावला. मूलपेशी मगजात ज्या आकड्याने अडकून राहतात, तो आकडा म्हणजेच सीएक्ससीआर४. मगज एसडीएफ-१ हे द्रव्य सोडतो आणि पेशी त्याला धरून बसतात. जी-सीएसएफ ही पकड आडवाटेने, काही दिवस घेऊन ढिली करतो. हे रसायन मात्र थेट आकडा सोडवते, काही तासांत. प्लेरिक्सॅफोर या नावाने डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. निर्णायक चाचणीत लिम्फोमाच्या रुग्णांपैकी ५९ टक्क्यांना चार दिवसांच्या आत ५० लाखांचा पल्ला गाठता आला, नुसत्या जी-सीएसएफने हेच २० टक्क्यांना जमले. चौथ्या रात्री उशिरा इंजेक्शन, अकरा तासांनी सकाळी यंत्र, असे वेळापत्रक वॉर्डात रुळले.

औषध महाग होते, म्हणून सगळ्यांना सरसकट देण्याऐवजी केंद्रांनी रक्ततपासणीवर निर्णय बसवला. चौथ्या किंवा पाचव्या दिवशी एका मायक्रोलिटरमागे दहाहून कमी सीडी३४ पेशी दिसल्या तरच प्लेरिक्सॅफोर द्यायचे, वीसच्या वर असल्या तर थेट यंत्र लावायचे, मधल्यांचा विचार रुग्ण पाहून करायचा. भारतात फिल्ग्रास्टिमची देशी आवृत्ती २००१ साली आली, आणि स्वस्त झालेल्या त्या इंजेक्शनाने इथल्या प्रत्यारोपणांचा हिशेब बदलला. थोड्या पैशांत जास्त रुग्णांची पिशवी पहिल्या फेरीत भरणे हे आजचे खरे कसब आहे.

सिकलसेलच्या रुग्णांत प्रश्न पुन्हा मुळापासून उभा राहिला. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर जिल्ह्यांतल्या कितीतरी कुटुंबांना तांबड्या पेशी विळ्यासारख्या करणारा हा आजार ठाऊक आहे. या रुग्णांना जी-सीएसएफ देता येत नाही. पांढऱ्या पेशी एकदम वाढल्या की विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकतात, जीवघेण्या वेदना उठतात, आणि मृत्यूही झाले आहेत. रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशी काढून, त्यांचे जनुक दुरुस्त करून परत देण्याच्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, पण त्यासाठी लागणाऱ्या पेशी नुसत्या प्लेरिक्सॅफोरवर काढाव्या लागतात. इंजेक्शनाच्या आधी काही आठवडे रक्त देऊन विळ्याच्या पेशींचे प्रमाण खाली आणतात. मग त्याच दिवशी काही तासांत यंत्र सुरू करतात, कारण भरती तेवढाच वेळ असते. दुरुस्तीत काही पेशी वाया जातात आणि गरज पडल्यास वापरायला काही न दुरुस्त केलेल्याही राखून ठेवाव्या लागतात. म्हणून एका फेरीत भागत नाही. काही आठवडे थांबून तोच रुग्ण पुन्हा त्या खुर्चीवर येतो.